रेघेवरचा आकडा

आकडा रेघेला चिकटलेला इनास सरांना खपत नसे. कोणाला चहात साखर जास्त पडलेली चालत नाही, कोणाला घरात चप्पल घालून आलेलं चालत नाही. आमच्या ऑफिसातल्या ह्या गृहस्थांना नकाशावरच्या रेघेला आकड्याचा नुसता कोपरा टेकला तरी जागेवर बसवत नसे. कागद घेऊन ते थेट माझ्या टेबलाशी यायचे. माझं काम अहवाल टाईप करायचं, नकाशाशी माझा काडीचा संबंध नाही, पण ऑफिसात ऐकून घेणारं दुसरं कोणी नव्हतं. "सावंतबाई, हे बघा. गळा आवळलाय बिचाऱ्याचा. श्वास घ्यायला जागा आहे का?" मी बघायचे. मला तो आकडा चांगला धडधाकट दिसायचा. तसं म्हटलं की माझा चहा गार झालाच समजा.

आमचं ऑफिस विरार पश्चिमेला, आगाशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मिक्सर दुरुस्तीच्या दुकानाच्या माडीवर आहे. जमिनीची उंची मोजायची आणि ती नकाशावर काढून द्यायची, हा आमचा धंदा. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात समोच्च रेषा असतात, सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या. परीक्षा झाली की आपण त्या विसरतो. त्याच रेषांवर आमची पोटं चालत होती. ऑफिसात त्यांना कंटूर म्हणत. इनास सर मात्र नुसतं रेघ म्हणायचे. रेघा कॉम्प्युटर काढायचा, आकडेही तोच टाकायचा, पण कुठेही आणि कसेही. मग सर एकेक आकडा हाताने उचलून नीट बसवायचे. तरुणपणी त्यांनी हे सगळं शाईच्या पेनाने केलेलं. कॉम्प्युटर उतारवयात शिकले, कुरकुरत शिकले, आणि एकदा शिकल्यावर त्याच्या चुका काढण्यात त्यांना फार आनंद वाटू लागला.

त्यांचे नियम ठरलेले होते. रेघ मध्येच थोडी तोडायची आणि आकडा त्या जागेत बसवायचा. दोन्ही बाजूंना हवा खेळली पाहिजे. आकड्याचं डोकं चढाकडे, पाय उताराकडे. "आकड्याचे पाय जिकडे, पाणी तिकडे जाणार," असं ते म्हणायचे. "नकाशा वाचता न येणाऱ्यालाही एवढं कळलं पाहिजे. रेघ मुकी असते हो. आकडा नसेल तर ती टेकडीची की खड्ड्याची, तिला स्वतःलासुद्धा सांगता यायचं नाही." ह्या नियमामुळे कागदावरचे कित्येक आकडे उलटे दिसायचे. आमचे मालक एकदा वैतागून म्हणाले, "सर, गिऱ्हाइकं तक्रार करतात. आकडे उलटे छापलेत म्हणतात." सरांनी मानही वर केली नाही. "आकडे सरळ आहेत. गिऱ्हाईक उलटं उभं आहे," म्हणाले.

बुटकी मूर्ती, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, दोरीला अडकवून छातीवर सोडलेला चष्मा. आगाशीजवळच्या एका गावात त्यांचं घर आणि केळीची वाडी. थंडी संपली की उन्हात वाळवलेल्या सुकेळ्यांची पुडी आणायचे आणि माझ्या टेबलावर अशी ठेवायचे की जणू काही सरकारी टपाल. बायकोशी फोनवर आपल्या घरच्या बोलीत बोलत; त्यातलं मला निम्मंही कळत नसे. आमच्याशी मात्र शाळामास्तरासारखं स्वच्छ मराठी. अक्षर देखणं. गावात कोणी गेलं की कबरीवरच्या क्रुसावर नाव लिहायला सरांनाच बोलावत. काळा ऑइलपेंट आणि बारीक ब्रश त्यासाठी घरी कायम तयार असायचा. नातेवाईक रडत असायचे आणि हे शेजारी बसून अक्षरांमधलं अंतर बघत असायचे. मी एकदा म्हटलंही, "सर, तिथे तरी." तर म्हणाले, "तिथेच तर. ते नाव पुन्हा कोणी लिहिणार नाही."

माणसांच्या घरांच्या उंचीचे आकडे सांगायची त्यांना खोड होती. आम्ही आचोळ्याला तळमजल्यावर फ्लॅट घेतला. कणकवलीहून येऊन भाड्याच्या खोल्यांत वर्षं काढलेली, त्यामुळे आमचा आनंद काय विचारता! सत्यनारायण घातला. सर आले, प्रसाद खाल्ला, उंबऱ्यात उकिडवे बसले आणि गल्लीच्या टोकापर्यंत बघत राहिले. मग माझ्या नवऱ्याला म्हणाले, "फ्रिजखाली विटा घाला. आणि कागदपत्रं माळ्यावर." नवरा महिनाभर त्यांच्या नावाने खडे फोडत होता. विटा मी गुपचूप घातल्या. पुढल्याच पावसाळ्यात फ्रिज वाचला. मग नवराच सरांना घरी जेवायला बोलाव असं आपणहून म्हणाला.

आमच्याकडे जमीन सपाट. डोंगरातल्या नकाशात रेघांची दाटी असते, इथे त्या विरळ पसरलेल्या, आणि दोन रेघांत उंचीचा फरक तो किती, तर गुडघ्याएवढा. पण तेवढ्याच फरकावर कोणाच्या स्वयंपाकघरात पाणी शिरणार हे ठरतं. म्हणून सर आकड्यांवर एवढे कातावायचे. ते मला पुष्कळ उशिरा समजलं.

मोजणीला सरांबरोबर सुदाम जायचा. पूर्वेकडच्या भातशेतीच्या गावातला, उंच, काळासावळा माणूस. सर यंत्रातून बघणार आणि हा समोर आकड्यांची उभी पट्टी धरून उन्हात थांबणार. वर्षानुवर्षं हेच. दोघे नवराबायकोसारखे भांडत.

"सुदाम, सरळ धर!"

"सरलच हाय सर. तुमी वाकरं बगता."

अर्नाळ्याला कोळीवाड्यात काम होतं, तेव्हा मीही गेले होते, फोटो काढायला. मासळी वाळत घातली होती, तिच्यामधून सुदाम पट्टी घेऊन पाय जपत चालला होता. एका म्हाताऱ्या कोळणीने विचारलं, "काय मोजता ओ?"

सर म्हणाले, "तुमच्या घराची उंची. समुद्रापासून."

"मंग माजा आकरा किती?"

सरांनी सांगितला.

"ह्यो कमी का जास्त?"

खोटं बोलणं सरांच्या रक्तात नव्हतं. "कमी," ते म्हणाले.

"मंग वारवा की थोरा!" म्हातारी म्हणाली, आणि बाकीच्या बायका खो-खो हसल्या. सुदाम तर पट्टीला धरून हसत होता. सर हसले नाहीत. परतताना रिक्षात चष्मा पुसत बसले. मग आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मला फक्त लिहिता येतं, सुदाम. वाढवता येत नाही."

"लिवा तरी," सुदाम म्हणाला. "लिवलं तं कोनी वाचल."

त्यानंतर पूर्वेकडच्या एका रस्त्याचं काम आमच्याकडे आलं. भातखाचरं बुजवून तिथे चाळी उठल्या होत्या आणि त्यांच्या पुढून जाणारा रस्ता उंच करायचा होता. रस्त्याखालून पाणी जायला मोऱ्या कुठे ठेवायच्या, हे नकाशा बघून ठरणार होतं. त्यातल्याच एका चाळीत सुदामची खोली होती. बायको लक्ष्मी, दोन मुली. स्वतःच्या दारात स्वतःच पट्टी धरून तो उभा राहिला आणि लक्ष्मीने सगळ्यांना सरबत दिलं. सरांनी आकडा वाचला आणि म्हणाले, "सुदाम, तू ताटाच्या मधोमध राहतोस."

खरंच ती जागा ताटासारखी होती. चारी बाजू किंचित वर आणि मध्ये सुदामची चाळ. नकाशावर तिथे एक छोटं बंद कडं आलं. असं कडं टेकाडाचंही असतं आणि खळग्याचंही. कोणतं ते आकडाच सांगणार. कॉम्प्युटरने त्यात आकडा टाकला होता, पण कडं इतकं लहान की आकडा दोन्हीकडून रेघेला चिकटला. सरांना ते बघवेना. त्यांनी तो पुसला. अशा वेळी त्यांची रीत ठरलेली होती: आकडा कड्याबाहेर मोकळ्या जागी लिहायचा आणि तिथून आत बाण काढायचा. बाकीचा नकाशा तपासून झाला होता, कोपऱ्यात सहीसुद्धा केलेली होती. उरला होता एक बाण.

तेवढ्यात गावाहून फोन आला. शेजारचे वृद्ध गृहस्थ गेले होते आणि दफन संध्याकाळीच होतं. क्रुसावर नाव लिहायचं होतं. सर तसेच उठले. मला म्हणाले, "येतो, सावंतबाई. एवढं उद्या करतो." दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा नकाशा मालकांनी पाठवून दिला होता. सही दिसली, घाई होती, पाठवला. सरांना वाटलं, बाण काढून झाला असणार. इतक्या वर्षांत त्यांनी कधी काही अर्धवट ठेवलंच नव्हतं, त्यामुळे आपण अर्धवट ठेवलं आहे हे त्यांना आठवलंच नाही.

रस्ता उंच झाला. चाळीसमोर मोरी झाली नाही. नकाशा वाचणाऱ्यांनी ते कडं टेकाडाचं धरलं. टेकाडाला मोरी कशाला?

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी धो-धो पडलं आणि भरती होती. सगळीकडे पाणी आलं तसं तिथेही आलं, पण बाकीच्यांकडचं उतरलं आणि तिथलं अडून राहिलं, वर चढत राहिलं. सुदामने लक्ष्मीला आणि मुलींना रस्त्यावर नेऊन उभं केलं. मग मेन स्विच बंद करायला तो परत खोलीत गेला. पाण्यात वीज उतरली होती. लक्ष्मी रस्त्यावरून हाका मारत होती. शेजाऱ्यांनी तिला धरून ठेवलं म्हणून ती वाचली.

सुदाम गेल्यावर लक्ष्मीला भेटायला आम्ही सगळे गेलो. पाणी ओसरलं होतं, भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ राहिली होती. सर त्या रेघेकडे बघत होते. मग त्यांनी दारातून रस्त्याकडे पाहिलं, डावीकडे, उजवीकडे. त्यांचा चेहरा बदलला ते मी पाहिलं, पण मला वाटलं, सुदामसाठी. ऑफिसात आल्याआल्या त्यांनी नकाशाची प्रत बाहेर काढली. बराच वेळ वाकून बघितली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग कागद घेऊन नेहमीसारखे माझ्या टेबलाशी आले आणि त्यांनी बोट ठेवलं.

कड्यात काही नव्हतं. बाहेरही नव्हतं. आजूबाजूचे सगळे आकडे कसे देखणे बसले होते, प्रत्येकाभोवती हवा खेळत होती.

"मी पुसला," सर म्हणाले. "चिकटला होता म्हणून."

माणसाने आयुष्यभर एका गोष्टीची काळजी घ्यावी आणि त्याच काळजीने त्याच्या हातून असं घडावं, याचा मला आजही संताप येतो. कोणावर काढणार? मी तेव्हा म्हटलं ते सगळेच म्हणाले असते: सर, तुमचा हेतू तसा नव्हता. त्यांनी कागदावरचं बोट उचललं नाही.

त्यानंतर सर गुन्हा कबूल करत फिरले आणि कोणी तो ऐकून घेईना. मालक म्हणाले, "रस्ता तसाही उंच होणारच होता. विषय वाढवू नका." रस्ता करणाऱ्या कचेरीत गेले, तर तिथला साहेब नवा, म्हणाला ते काम बंद झालं, आता मोरी हवी असेल तर नव्याने मागणी करा. सरांनी मागणी केली. ती आजपर्यंत कुठेतरी आहे. रविवारी मिस्सा झाल्यावर त्यांनी फादरांकडे पापनिवेदन केलं. फादरांनी प्रार्थना सांगितल्या आणि शांतीने जा म्हणाले. "प्रार्थना म्हटल्या," सर मला म्हणाले. "शांतीने कुठे जायचं, ते विचारायचं राहिलं." स्वतःवर विनोद करताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं आणि मला रडू आलं.

शेवटी एक दिवस म्हणाले, "लक्ष्मीला सांगायला जायचंय. तुम्ही बरोबर या. बाईमाणूस असलेलं बरं."

गेलो. त्यांनी नकाशा तिच्यापुढे जमिनीवर पसरला. रेघा काय, आकडा काय, कडं कोणतं, सगळं समजावलं, जसं मला वर्षानुवर्षं समजावत आले तसं. म्हणाले, "खड्ड्यात सगळे आकडे आत पाय करून असतात, लक्ष्मी. इथे आकडा असता तर मोरी झाली असती. तो मी पुसला." ती ऐकत होती. मुली दारात उभ्या होत्या. तिने शिव्या द्याव्यात अशीच ती वेळ होती. मला वाटतं सर त्याचीच वाट बघत होते.

लक्ष्मी म्हणाली, "सर, पानी आलं. तुमी काय केलं त्यात?"

"मीच केलं," सर म्हणाले.

"तुमच्याबद्दल ते लय बोलत. सर खोटा आकरा लिवत नाय म्हनत." तिने नकाशाकडे पाहिलं. "मग आता लिवा ना."

"आता कागदावर लिहून काय उपयोग?"

"कागदावर नको," ती म्हणाली. "भितीवर लिवा. मानसं राहातात हितं. नवीन येतात. त्यांना कोन सांगल?"

पुढच्या रविवारी सर काळा ऑइलपेंट आणि तोच बारीक ब्रश घेऊन गेले. चाळीच्या प्रत्येक दाराशी, पाणी जिथवर चढलं होतं तिथे, आडवी रेघ मारली, ती मध्ये तोडली आणि त्या जागेत पाण्याच्या उंचीचा आकडा बसवला. सुदामला अग्नी दिला होता, त्याच्या नावाचा क्रूस कुठे नव्हता. सरांनी त्याच्या दाराशी नाव लिहिलं नाही, नुसता आकडा लिहिला, पण तिथे बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ लावला, असं लक्ष्मी मला नंतर म्हणाली.

चाळमालकाने दिवाळीआधी सगळ्या भिंती चुन्याने पुसून काढल्या. आकडे बघून भाडेकरू येईनात. सरांनी पुन्हा लिहिले. त्याने पुन्हा पुसले. चाळमालक एकदा भांडायला ऑफिसात आला, मोठमोठ्याने बोलला. सर उभे राहून ऐकत होते, मान खाली घालून, आणि मला कळत होतं की ह्या माणसाच्या ओरडण्याने त्यांना थोडं बरं वाटतंय. निदान कोणीतरी ओरडत होतं. तो गेल्यावर सर म्हणाले, "येत्या रविवारी जायला हवं."

मग त्यांचा हात थरथरू लागला. आधी चहाचा कप, मग माऊस. आकडे बसवायला वेळ लागू लागला आणि मालकांनी त्यांना हार घालून घरी पाठवलं. आता नकाशांवर आकडे कॉम्प्युटर टाकतो, तसेच जातात. कोणी तक्रार करत नाही. माझा चहा गरम असतो.

ह्या वर्षी जूनच्या आधी एका रविवारी मी लक्ष्मीकडे गेले होते. थोरल्या मुलीला नोकरी लागली होती, त्याचे पेढे घ्यायला. भिंतींना नुकताच चुना दिलेला. आणि सुदामच्या दाराशी, स्टुलावर, सर बसले होते. किती बारीक झालेले! चष्म्याची दोरी तीच. उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने धरून ते ब्रश चालवत होते. रेघ मारून झाली होती, वाकडीतिकडी. आकड्यासाठी सोडलेली जागा लहान पडली होती. मी मागे उभी राहून बघत होते. आकड्याचा पोटाचा भाग खाली सरकला, रंग ओघळला आणि आकडा दोन्हीकडून रेघेला चिकटला.

सर थांबले. त्यांच्या पायाशी रॉकेलचा बोळा होता. आता पुसतील, पुन्हा काढतील, म्हणून मी बोळा उचलून पुढे केला.

"चिकटला, सर," मी म्हणाले.

त्यांनी बोळा घेतला नाही. स्टूल जरा मागे सरकवलं आणि आकड्याकडे पाहिलं.

"चिकटू दे," म्हणाले. "दिसतोय ना?"